गाळपाआधी घेतलेली चाचणी

९ जुलै २०२४

पतसंस्थेनं जानेवारीत दिलेली ही डायरी आज पहिल्यांदा उघडतोय. सहा महिने ती शेल्फवर धूळ खात पडली होती. आज कॉलेजात दोन खोकी आली आणि त्यातलं एक निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. उद्या कुणी विचारलं, हेच का घेतलं, तर आपल्याकडं लेखी असलेलं बरं.

खोक्यात बोर्ड आहेत. आमच्या माळावरच्या अँटेनावर सूर्याच्या रेडिओ लहरी येतात आणि केबलनं खोलीपर्यंत पोचतात. त्यांचे आकडे करून संगणकाच्या हवाली करायचे, हे बोर्डाचं काम. पहिला बोर्ड सेकंदाला शंभर कोटी आकडे काढतो, पण त्याची मोजपट्टी जाडीभरडी, सगळ्या मिळून दोनशे छप्पन्न पायऱ्या. दुसरा पंचवीस कोटींवर थांबतो, पण पायऱ्या सोळा हजारांवर. एक वेगाचा, एक बारकाव्याचा. दोन्ही महिनाभर चाचणीसाठी आहेत, मग एक ठेवायचा आणि एक परत.

राजनंदिनीनं खोकी उघडतानाच दोन्हींची माहितीपुस्तकं पिशवीत टाकली. ती माझी पीएचडीची विद्यार्थिनी, चौथं वर्ष. सूर्यावर स्फोट होतात तेव्हा जे रेडिओचे लोट येतात, त्यावर तिचं काम आहे. सूर्य सध्या भरात आहे, असा पुन्हा अकरा वर्षांनी. तिची फेलोशिप येत्या जूनमध्ये संपते. मार्चपासून प्रबंध लिहायला बसायचं, म्हणजे निरीक्षणांना हा एक हिवाळाच तिच्या हातात आहे.

२६ जुलै

आठ दिवस माळावर चाचण्या. जोतिबाच्या डोंगरामागं कॉलेजची ही जागा आहे. एक खोली, चार अँटेना आणि ज्ञानूमामा. मामा आमचे प्रयोगशाळेतले मदतनीस. त्याआधी पंधरा वर्षं माळाखालच्या साखर कारखान्यात, ऊस उतरवतात त्या गव्हाणीजवळ होते.

शंभर कोटीवाल्यानं डोळ्याचं पारणं फेडलं. एका नजरेत सगळा पट्टा दिसतो! पडदा स्वच्छ, आणि सूर्याचा एक लहानसा लोटही सापडला. दुसऱ्यावर तोच लोट जास्त रेखीव दिसतो, पण खिडकी केवढीशी.

मामा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "सर, आता कारखाना झोपलाय. दिवाळीनंतर उठला की बघा, काय गोंधळ हुतोय त्यो."

मी म्हटलं, "मामा, आपण रस मोजायला बसलोय काय?"

ते हसले. राजनंदिनी हसली नाही, वहीत काहीतरी लिहीत होती.

९ ऑगस्ट

राजनंदिनीचा चाचणी अहवाल आला. पाच पानं, नीटनेटकी. पहिली तीन नेहमीची. चौथं पान मात्र मला नको होतं.

त्यात तिनं लिहिलंय, की या चाचण्या कारखाना बंद असताना घेतल्यात. गळीत हंगाम सुरू झाला की यार्डात वीस-पंचवीस वॉकीटॉकी चालतात, तेही रेडिओ लहरींवरच, आणि कारखान्याच्या मोठ्या विजेच्या मोटारींचाही त्यात खरखराट असतो. एवढा मोठा आवाज पेलून त्यातला सूर्याचा बारीक आवाज टिपायला दोनशे छप्पन्न पायऱ्या पुरणार नाहीत. "उसानं भरलेली ट्रॉली काट्यावर असताना वर ठेवलेली अंगठीही कळेल, असा काटा आपल्याला हवा आहे." शेवटी शिफारस: बारीक पायऱ्यांचा बोर्ड घ्यावा, नाहीतर नोव्हेंबरात पुन्हा चाचणी होईपर्यंत निर्णय थांबवावा.

अंगठीचं वाक्य मला आवडलं. शिफारस आवडली नाही. सोमवारी खरेदी समितीची बैठक आहे आणि शंभर कोटी हा आकडा मी प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसलोय.

१२ ऑगस्ट

बैठक वीस मिनिटांत आटोपली. विभागप्रमुख विजयसिंह सरांनी एकच विचारलं, "मगदूम, जिल्ह्यात दुसरीकडं हाय का असलं?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग झालं की!"

अहवाल चार पानांचा गेला. चौथं पान मी काढलं आणि पाचव्यावरचा पानाचा आकडा बदलून चार केला. समितीत निम्मे लोक स्थापत्य आणि वस्त्रोद्योगवाले, उगाच गोंधळले असते. शिवाय नोव्हेंबरपर्यंत थांबलो तर बोर्ड हातात येईस्तोवर फेब्रुवारी उजाडला असता, म्हणजे पोरीचंच नुकसान. खरं तर हे मी तिच्यासाठीच केलं.

पान फेकलेलं नाही. इथंच, या डायरीच्या मागच्या कव्हरात आहे.

१८ सप्टेंबर

आज क्षमावाणी. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन आलो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर उत्तम क्षमा, असा निरोप सकाळीच सगळ्या ग्रुपांवर टाकला. दोनशे तेरा लोकांना. राजनंदिनीला वेगळा पाठवला. तिनं उलट हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

आई, म्हणजे अक्काताई, वय एक्क्याऐंशी, मोबाईलकडं बघत म्हणाली, "एवढ्या जणांची क्षमा मागिटलास. कशाची, ते सांगिटलास का?"

म्हटलं, "कळत-नकळत लिहिलंय की."

"ते सगळेच लिहितात," ती म्हणाली आणि फुलवाती वळायला लागली.

७ ऑक्टोबर

बोर्ड बसला. पेपरात फोटो आला, 'माळावरून सूर्याची नाडी'. फोटोत मी मध्ये, विजयसिंह सर उजवीकडं. राजनंदिनीचा अर्धा खांदा आलाय.

२५ नोव्हेंबर

निवडणुकीमुळं लांबलेलं गाळप सुरू झालं. सकाळी कारखान्यात पूजा झाली, गव्हाणीत मोळी टाकली, भोंगा माळापर्यंत ऐकू आला. मामांनी पेढे आणले होते. मी दोन खाल्ले.

दुपारी सव्वाबाराला पडदा पांढरा झाला.

२८ नोव्हेंबर

तीन दिवस तेच. यार्डात कुणी वॉकीटॉकीचं बटण दाबलं की बोर्डाची शेवटची पायरी गाठली जाते, वरचं सगळं कापलं जातं आणि त्या कापाकापीतून पट्टाभर खोटे आवाज उमटतात. बटण सोडलं की पडदा निवळतो, तेवढ्यात दुसरा कुणी दाबतो. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत आहे, सगळे सारखे बोलत असतात.

आवाज कमी करून बघितला. मग वॉकीटॉकी मोजपट्टीत बसतो, पण सूर्य एका पायरीच्याही खाली जातो. फिल्टर घातला, पण त्यांची पाच चॅनेलं आणि मोटारींचा खरखराट सगळीकडं पसरलेला. एक दाबलं की दुसरीकडून वर येतं.

ट्रॉली आणि अंगठी. मी खोलीत एकटाच होतो तरी मान वर करवेना.

३ डिसेंबर

आज मी जे केलं ते इथं लिहितो, कारण दुसरीकडं कुठं लिहिण्याची सोय नाही.

राजनंदिनी आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "सर, काय वाटतंय तुम्हास्नी?"

बोर्ड चुकला, मी चुकलो, तू लिहून दिलं होतंस. हे सगळं जिभेवर होतं. तोंडातून बाहेर पडलं ते वेगळंच. "तुझा ॲम्प्लिफायर बघ एकदा. तोच भरून जात असेल."

अँटेनाजवळचा तो ॲम्प्लिफायर तिनं स्वतः बनवलाय, दुसऱ्या वर्षाला असताना. पहिल्यांदा चालला तेव्हा तिनं सगळ्या विभागाला कवठाची बर्फी वाटली होती.

तिनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "बरं. मी बघतो सर." आमच्याकडच्या मुली 'बघतो', 'जातो' असंच म्हणतात. इतक्या वर्षांत कानाला खटकलं नव्हतं, आज का कोण जाणे, बराच वेळ कानात राहिलं.

तिला आठवडाभर कामाला लावलं की मला काहीतरी सुचेल, असा विचार होता. लाज वाटते. खरंच वाटते.

१४ डिसेंबर

ॲम्प्लिफायर उतरवून तिनं टेबलावर ठेवलाय. म्हणाली, सगळं तपासलं, पुन्हा जोडणी केली. मी डबा हातात घेऊन बघितला. प्रत्येक स्क्रूवर ती नेलपेंटचा एक लाल ठिपका देते, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. चारही ठिपके अखंड होते. एवढ्या घाईतही नव्यानं ठिपके दिले तिनं. कामात चोख आहे पोरगी.

मी म्हटलं, "अजून एकदा कर. पुरवठ्याचा भाग बघ."

२७ डिसेंबर

राजनंदिनी माळावर नसते हल्ली. मामांना विचारलं तर म्हणाले, "खाली कारखान्याकडं जाती. गाडीअड्ड्यावर बसून काय तरी लिवती." मला वाटलं, ऊसतोडीवाल्यांच्या पोरांना शिकवत असेल. चांगलं आहे, मन रमत असेल.

ॲम्प्लिफायर तिसऱ्यांदा टेबलावर. ठिपके लाल, अखंड.

६ जानेवारी २०२५

आज सूर्यावर मोठा स्फोट झाला. अकरा वाजून वीस मिनिटं. दुसऱ्या केंद्रांची चित्रं दुपारी इंटरनेटवर आली, सगळीकडं सुरेख तिरका लोट. आमच्या पडद्यावर त्याच वेळी पांढरा पट्टा. यार्डात बहुधा कुणीतरी कुणाला तरी ट्रॉली मागं घ्यायला सांगत होता.

असे लोट हिवाळ्यात पाच-सात येतील. तिला प्रबंधाला निदान चार हवेत.

तिनं ते दुसऱ्यांचं चित्र छापून खोलीच्या दाराला आतून चिकटवलं. खाली काही लिहिलं नाही. मी चहा न घेताच निघालो.

१२ जानेवारी

सूर्य मावळायच्या आत जेवण आटपायचं, हा आमच्या घरचा नेम. आज ताटावर बसलो आणि घास जाईना. आई म्हणाली, "कुणाचं काय घेतलायस काय?"

"मी कुणाचं काय घेणार?"

"मग काय दिलं नाहीस?"

हिला कोण सांगतं? ती रोज प्रतिक्रमणाला बसते, दिवसभरातल्या चुका एक-एक नाव घेऊन मोजते. मुंगी पायाखाली आली, कामवालीला टाकून बोलले. तिच्या चुकांची यादी ऐकली की माझीच मला भीती वाटते. मी भाकरी तशीच ठेवून उठलो.

मनाशी ठरवलंय. एकवीस तारखेला तिची वार्षिक आढावा बैठक आहे. तिथं सगळ्यांसमोर सांगून टाकायचं.

२१ जानेवारी

सांगितलं नाही.

बैठकीला विद्यापीठाचे दोन तज्ज्ञ, विजयसिंह सर, मी. राजनंदिनीनं अर्धा तास मांडणी केली. आवाज स्थिर होता. शेवटी त्यातल्या मोठ्या तज्ज्ञांनी विचारलं, "नोव्हेंबरनंतरची निरीक्षणं वापरण्यासारखी नाहीत. दोष कुठं आहे?"

ती उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडं वळली. मी समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. कागदावर मी चौकोन काढत होतो. एकात एक, एकात एक.

मग तिचा आवाज आला. "माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये दोष होता, सर."

त्यांनी शेरा लिहिला: प्रगती असमाधानकारक, उपकरणाची जोडणी सदोष. मार्गदर्शकाची सही लागते. मी सही केली. पेन नीट चाललं.

बाहेर विजयसिंह सर पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरींना सोल्डरिंग जमत न्हाय मगदूम, तुम्ही तरी काय करणार?" मी हसलो. हे सगळ्यात वाईट, मी हसलो.

२२ जानेवारी

तिला खरंच वाटत असेल का, की दोष तिचा आहे? तसं असेल तर मी तिचा स्वतःवरचा विश्वासही काढून घेतला. दिवसभर हेच डोक्यात.

१८ फेब्रुवारी

आज कळलं.

ती रजेवर होती. मामा चावी द्यायला आले आणि निरीक्षणांची वही माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "सर, ही एकदा बघा. आता मला ऱ्हावत न्हाय."

सव्वीस नोव्हेंबरपासूनचं प्रत्येक पान. डावीकडं पडदा पांढरा झाल्याची वेळ, उजवीकडं यार्डातल्या कुणी कुठल्या चॅनेलवर बटण दाबलं ते. गाडीअड्ड्यावर बसून घड्याळ लावून तिनं ते टिपलंय. तीस डिसेंबरपर्यंत चारशे बारा नोंदी, आणि मिनिटाचाही फरक नाही. अठ्ठावीस नोव्हेंबरच्या नोंदीखाली एक ओळ: "ॲम्प्लिफायर काढून केबल थेट लावली, तरी बोर्ड भरतो. ॲम्प्लिफायर निर्दोष."

अठ्ठावीस नोव्हेंबर. मी तिला तीन डिसेंबरला ॲम्प्लिफायर बघ म्हणालो होतो.

ते लाल ठिपके अखंड होते, कारण तिनं डबा उघडलाच नव्हता.

१९ फेब्रुवारी

तिला खोलीत बोलावलं. दार उघडंच ठेवलं. वही टेबलावर होती, तिनं ती बघितली आणि बसली.

मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"व्हय."

"मग तीन-तीनदा डबा कशाला उतरवलास?"

"तुम्ही सांगिटलासा म्हणून. उतरवून ठेवायचो, दोन दिवसांनी परत चढवायचो. मला वाटायचं, ह्या वेळी तरी बोलतील."

"आणि बैठकीत?"

तिनं हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "बैठकीत मी तुमच्याकडं बघून तीन आकडे मोजलो सर. एक, दोन, तीन. तुम्ही चौकोन काढत हुतासा. मग मीच बोललो. तुमची सही लागती ना प्रत्येक कागदाला. तुम्हाला पाडून मी कुठं जाणार?"

मी क्षमा मागितली. म्हणजे "मला माफ कर" एवढंच म्हणालो. तिनं किल्ल्या उचलल्या. उठताना विचारलं, "सर, माझं चौथं पान समितीला गेलतं का?"

मी मान हलवली. नाही.

"वाटलंच मला," ती म्हणाली.

११ मार्च

गाळप बंद झालं. भोंगा वाजला आणि संध्याकाळपर्यंत पडदा धुतल्यासारखा स्वच्छ. आमचा शंभर कोटींचा बोर्ड आता बघावा, काय देखणं काम करतोय! जाहिरातीत म्हटलं होतं अगदी तसं.

बघायला खोलीत मी आणि मामाच होतो.

१३ मार्च

तिचा अर्ज आलाय. मार्गदर्शक बदलण्यासाठी. पुण्यातल्या एका बाईंनी तिला घ्यायचं कबूल केलंय. त्यांच्याकडं गेल्या दोन हिवाळ्यांची निरीक्षणं पडून आहेत, बारीक पायऱ्यांवर घेतलेली. फेलोशिपला मुदतवाढ मात्र तेव्हाच मिळेल, जेव्हा जानेवारीतला शेरा चुकीचा ठरेल. 'असमाधानकारक' घेऊन गेली तर जूनमध्ये सगळं संपलं.

अर्जात एक रकाना आहे, बदलाचे कारण. तो मार्गदर्शकानं भरायचा असतो. तिनं पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, 'वैयक्तिक'. म्हणजे मला फक्त त्यावरून पेन फिरवायचं होतं. जाता जाता तिनं मला एक वाट मोकळी ठेवली होती.

विजयसिंह सर म्हणाले, "द्या सही करून. वैयक्तिक म्हणजे कुणाला काय बोलायला नको. तुमची बढतीची फाईल वर गेलीया, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात आहे.

१४ मार्च

सकाळी तीन मसुदे केले. पहिल्यात 'तांत्रिक अडचणींमुळे' लिहिलं. दुसऱ्यात 'समितीचा निर्णय दुर्दैवानं'. दोन्ही फाडले. आई समोर बसली होती, माळ ओढत. तिला सगळं सांगितलं, चौकोनांसकट. ऐकता ऐकता तिनं माळ खाली ठेवली. शेवटी म्हणाली, "आता हे तिच्या कागदावर लिही. मला सांगून काय उपयोग?"

दुपारी राजनंदिनीला बोलावलं. पेन्सिलचा शब्द खोडला आणि तिच्यासमोर लिहिलं. रकाना एका ओळीचा, म्हणून जोडपान लावलं. ते इथं उतरवून ठेवतो:

'बोर्डाची निवड माझी होती आणि ती चुकली. चाचणी कारखाना बंद असताना घेतली होती. हंगामात पुन्हा चाचणी घ्यावी, असं कु. राजनंदिनी हिनं लेखी दिलं होतं. ते पान मी अहवालातून काढलं. तिच्या ॲम्प्लिफायरमध्ये दोष नाही, हे ठाऊक असताना मी तो तिच्या माथी मारला आणि आढावा बैठकीत गप्प बसून चुकीच्या शेऱ्यावर सही केली. शेरा रद्द व्हावा.'

खाली सही. मग या डायरीच्या मागच्या कव्हरातून चौथं पान काढलं आणि टाचणीनं त्याला लावलं. सात महिन्यांत घडी पडून मधोमध पिवळी रेघ आली होती.

"हे तुमच्याकडंच हुतं व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं आधी स्वतःचं पान वाचलं, मग माझं. हळूहळू, बोट धरून, चाचणीचे आकडे तपासते तशी. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. खरं सांगायचं तर बरं वाटेल असं काहीतरी. तिचं बोट माझ्या सहीपाशी येऊन थांबलं. तिथं मी आजची तारीख घातली होती.

"सर, पान कवा काढलं, त्याची तारीख न्हाय ह्यात."

मी पेन उघडलं आणि 'ते पान मी' याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, बारा ऑगस्ट.

तिनं शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला, मग पिशवीत घातला आणि बाराची एसटी चुकली म्हणून दोनच्या गाडीला निघाली.